ठोका कुठं जातो

पुलर हाताशी नसताना स्टिअरिंगचं चाक काढायची वेळ आली की गॅरेजात दोन तट पडतात. एक तट हातोड्याचा. नट थोडा सैल ठेवा, एकाला चाक आपल्याकडं ओढून धरायला सांगा आणि शाफ्टच्या टोकावर दोन सणसणीत ठोके हाणा, असं त्यांचं म्हणणं. दुसरा तट गुडघ्यांचा. सीटवर बसायचं, दोन्ही गुडघे चाकाच्या मागून टेकवायचे आणि हातांनी चाक डावं-उजवं हलवत गुडघ्यांनी रेटायचं. दोन्ही रीतींनी चाकं निघतात, मी निघालेली पाहिली आहेत. तरी पहिल्या रीतीशी माझं भांडण आहे. ते मी शिकाऊ पोरांशी रोज भांडतो, आज ते सविस्तर लिहून ठेवतोय.

मी हे काम कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शिकलो. आजूबाजूला फाउंड्र्या, लेथची कामं, दिवसभर लोखंडाचा आवाज. गॅरेजात तेव्हा फियाट, अ‍ॅम्बॅसडर आणि वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या, जीपगाड्या यायच्या. पुढं मारुती ८०० आल्या, ओम्नी आल्या. वडापच्या जीपला दिवसभर हॉर्न लागतो, त्यामुळं हॉर्नचा कॉन्टॅक्ट झिजायचा. इंडिकेटरची दांडी गावागावांतल्या वळणांवर मोडायची. मारुतीला कॉम्बिनेशन स्विच, म्हणजे इंडिकेटर आणि दिव्यांच्या दांड्या एकाच सांगाड्यावर. तो बदलायचा तर आधी वरचं चाक काढावं लागतं. भाग छोटा, पण त्याच्यापर्यंत पोचायचा रस्ता चाकातून जातो. म्हणून स्टिअरिंग काढणं हे आमच्याकडं काही क्वचितचं काम नव्हतं, आणि पुलर मात्र बहुतेक वेळा कुणीतरी उसना नेलेला असायचा.

नट काढला तरी चाक का हलत नाही, हे गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. शाफ्टचं वरचं टोक किंचित निमुळतं असतं आणि त्यावर उभे बारीक दाते कापलेले असतात. चाकाच्या मधल्या हबलाही आतून तसेच दाते. नट कसला की हब त्या निमुळत्या अंगावर चढतो आणि दात्यांत दाते रुततात. त्यांच्यात केसाएवढीही फट राहत नाही, म्हणून चाक फिरवताना झोल लागत नाही. वर्षानुवर्षं त्यात दमट हवा शिरते, हाताचा घाम उतरतो, गंज धरतो. गगनबावड्याकडच्या गाड्यांचं स्टिअरिंग काढायचं म्हटलं की आम्ही आदल्या दिवशीच तेल सोडून ठेवायचो. तिकडचा पाऊस गाडीच्या आतही पोचतो.

आमच्या मिस्त्रींनी हे समजावताना मला चाकापाशी नेलंच नाही. ते मला शेजारच्या वर्कशॉपात ड्रिलिंग मशिनपाशी घेऊन गेले. जाड ड्रिलचा दांडाही असाच निमुळता असतो. तो मशिनच्या निमुळत्या भोकात नुसता दाबून बसवला तरी सुटत नाही. तो काढायला कुणी ड्रिल धरून ओढत नाही. मशिनच्या दांड्याला आडवी खाच असते, तिच्यात पाचर घालतात आणि पाचरीवर हलका ठोका देतात, की ड्रिल खाली येतं. मिस्त्री म्हणाले, "बघ, पाचर कुणाला ढकलतीय? ड्रिलला. आणि रेटा कुठं देतीय? ज्यात ते ड्रिल अडकलंय त्यालाच. मशिनला बाकी काही कळतबी न्हाई." मला त्या दिवशी हे पूर्ण उमगलं असं म्हणणार नाही, पण पुढं जेवढी चाकं काढली तेवढ्यांत ती पाचर डोळ्यांसमोर होती.

पुलरही हेच करतो. त्याचे दोन बोल्ट हबमध्ये बसतात, मधला स्क्रू शाफ्टच्या टोकावर टेकतो. स्क्रू आवळत गेलं की शाफ्ट खाली ढकलला जातो आणि तेवढ्याच जोरानं हब वर ओढला जातो. जोर त्या दोघांच्यात सुरू होतो आणि तिथंच संपतो. खालच्या कॉलमला, स्टिअरिंग बॉक्सला त्याची झळ लागत नाही. चाक काढायला लागणारा जोर थोडा नसतो, पण तो सगळा एका बंद वर्तुळात फिरतो.

हातोड्याच्या ठोक्याला असं वर्तुळ नसतं. तो शाफ्टच्या टोकावर पडतो आणि शाफ्टमधून सरळ खाली जातो. थोडा हबला सोडवण्यात खर्च होतो, उरलेला वाटेत जे भेटेल त्यावर आदळतो. जुन्या महिंद्रा जीपला रॉस पद्धतीचा, कॅम आणि लिव्हरचा बॉक्स असतो. त्यातला कॅम छर्‍याच्या बेअरिंगांवर फिरतो. वरून ठोके बसले की छर्‍यांच्या खुणा बेअरिंगच्या वाटीत उमटतात. त्या दिवशी काही कळत नाही. नंतर चालवताना चाक फिरवलं की ठरावीक जागी बारीक अडखळल्यासारखं लागतं, ड्रायव्हर म्हणतो टायरमध्ये हवा कमी असेल, आणि बॉक्स उघडायची वेळ येईस्तोवर ठोके हाणणाऱ्याला आठवतही नाही. फियाटच्या वर्मच्या बॉक्सचंही दुखणं याच जातीचं.

त्याहून गंभीर गोष्ट नंतरच्या गाड्यांत आहे. समोरून धडक बसली की स्टिअरिंगचा दांडा ड्रायव्हरच्या छातीत घुसू नये म्हणून तो दाबला गेल्यावर आखूड होईल असा बनवायला लागले. अमेरिकेत जनरल मोटर्सनं १९६७ च्या मॉडेलांपासून असे कॉलम दिले, आणि हळूहळू जगभरच्या गाड्यांत ते आले. यातल्या बऱ्याच कॉलमांत शाफ्टचे दोन भाग एकात एक सरकणारे असतात, आणि त्यांना जागच्या जागी धरून ठेवायला प्लॅस्टिकच्या छोट्या पिना असतात. धडकेच्या जोरानं त्या पिना तुटाव्यात, हेच त्यांचं काम. आता विचार करा, गॅरेजात कुणी त्याच शाफ्टच्या टोकावर दोन किलोचा हातोडा हाणला, तर त्या पिनांना ते अपघातापेक्षा वेगळं कसं वाटणार? पिना तुटतात. गाडी पूर्वीसारखी चालते. फार तर चाक वर-खाली थोडं खुळखुळतं. ज्या दिवशी त्या कॉलमची खरी गरज पडेल, त्या दिवसासाठी ठेवलेली वस्तू आपण एका इंडिकेटर स्विचपायी आधीच खर्चून बसलेले असतो. म्हणूनच हातोड्याचं काम मला खपत नाही. गाडी गॅरेजातून बाहेर पडताना ठीक दिसते, एवढ्यावर मेकॅनिकनं समाधान मानू नये.

गुडघ्यांची रीत मात्र मी वापरतो. चाक फार गंजलेलं नसेल तर ती पुरते. तिची शिस्त पाळली पाहिजे. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडायची. पुढची चाकं अगदी सरळ करायची. हॉर्नचं झाकण काढलं, वायर सोडली, की नट उघडा पडतो. त्याला गोटी लावून लांब दांड्यानं सोडवताना चाक हातानं धरायचं, स्टिअरिंग लॉकच्या भरवशावर कधीच सोडवायचं नाही. लॉकचा खिळा चोर अडवायला असतो, एवढा पीळ सोसायला नाही. नट सुटला की शाफ्टवर आणि हबवर एका रेषेत पंचची खूण करायची. खडूची खूण तेलानं पुसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नट पुरता काढायचा नाही. हबपासून दोन-तीन आटे मागं घेऊन तो शाफ्टवरच राहू द्यायचा. अडकलेलं चाक सुटतं ते एकदम सुटतं, आणि माणूस त्याच्यावर वाकून सगळी ताकद लावत असतो. नट नसेल तर चाक थेट तोंडावर येतं.

मग डावं-उजवं. गाडी जमिनीवर असली की टायर फिरायला विरोध करतात, त्यामुळं तो हिसका दात्यांत पोचतो आणि गंजाचा पापुद्रा फुटतो. गुडघ्यांचा रेटा दोन्ही बाजूंना सारखा हवा. एकाच बाजूनं दाबलं तर पातळ कड वाकते आणि मग ते चाक सरळ रस्त्यावरही डोलताना दिसतं. नाही निघालं तर थांबायचं. तेल सोडायचं, दुसरं काम घ्यायचं, परत यायचं. घाईच्या माणसाला हे जमत नाही. गॅस लावून हब तापवण्याचा सल्लाही लोक देतात. हबला चिकटूनच प्लॅस्टिक आणि वायरिंग असतं, तिथं ज्योत नेणं मला मान्य नाही.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात या सगळ्याची कसोटी लागली. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट धरतात. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, माल येईना. पाणी ओसरल्यावर गाड्या ढकलत, ओढत, ट्रॅक्टरला बांधून गॅरेजात यायला लागल्या. दारं उघडली की आतून गाळ सांडायचा. त्यांत एका निवृत्त शिक्षकांची मारुती ८०० होती. पाणी डॅशबोर्डच्या वर चढून गेलेलं. दिवे आपोआप लागत होते, हॉर्न वाजतच राहत होता. स्विच काढून धुतल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं, आणि चाक गुडघ्यांना दाद देईना. दात्यांत गंज आणि वाळलेला गाळ दोन्ही बसलं होतं. पुलर नव्हता. ज्यांच्याकडं होता त्यांच्याही दारात गाड्यांची रांग होती.

मी भंगारात हात घातला. बोटभर जाडीची दोन भोकांची एक लोखंडी पट्टी मिळाली. बऱ्याच चाकांच्या हबला नटाच्या दोन्ही अंगांना आट्यांची दोन भोकं दिलेली असतात, ती पुलरसाठीच. गाळानं ती बुजली होती, तारेनं कोरून साफ केली. मग बोल्टांच्या डब्यातून एकेक बोल्ट लावून बघितला. हातानं सहज पाच-सहा आटे आत जातो तो बोल्ट आपला. पान्यानं बळजबरी करून आत घालावा लागतो तो आपला नाही, तो हबचे आटे खाणार. पट्टीची भोकं हबच्या भोकांशी जुळेनात, म्हणून गोल कानशीनं ती आतल्या बाजूला लांबट केली. शाफ्टच्या टोकावर लोखंडाचा छोटा गोल तुकडा ठेवला, त्यावर पट्टी आडवी, पट्टीतून दोन लांब बोल्ट हबमध्ये, बोल्टांच्या डोक्याखाली जाड वायसर. मधला स्क्रू नाही, वेल्डिंग नाही, नवे आटे पाडणं नाही. दोन्ही बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळले की पट्टी शाफ्टवर दाबते आणि हब वर ओढला जातो. आळीपाळीनं हे नीट लक्षात ठेवावं लागतं. एकच बोल्ट पुढं नेला तर पट्टी तिरकी होते आणि तुकडा सटकतो.

गुरुजी बाजूला स्टुलावर बसून होते. घरातला चिखल उपसून ते दमलेले होते. ते म्हणाले, "मिस्त्री, केवढं नाजूक काम करत बसलाय. एक ठोका हाणा की!"

"गुरुजी, ठोका हाणायला मिनिट लागत न्हाई," मी म्हणालो. "तो कुठवर जाईल ते मात्र दिसत न्हाई."

बोल्ट ताठ झाले. पान्याला पुढं जड लागायला लागलं तिथं मी थांबलो. ताण तसाच ठेवून दात्यांच्या फटीत तेल सोडलं आणि रात्रभर गाडी तशीच राहू दिली. ताण असताना तेल अधिक आत उतरतं असा माझा अनुभव आहे. सकाळी बोल्टांना हात न लावता आधी चाक डावं-उजवं हलवलं. दुसऱ्या-तिसऱ्या हिसक्याला खट्ट आवाज झाला आणि हब वर येऊन नटाला टेकला. ओढ आणि हिसका एकत्र असले की जे होतं ते नुसत्या ओढीनं किंवा नुसत्या हिसक्यानं होत नाही.

हल्ली 'देशी जुगाड' म्हणून लोक काहीही कौतुकानं दाखवतात. मला त्या कौतुकातला अर्धा भाग पटतो. उद्यमनगरात मी असे हात पाहिले आहेत, की परदेशी मशिनचा तुटलेला भाग दुपारपर्यंत घडवून देतात, आणि तो मूळ भागाइतकाच चालतो. ते जमतं, कारण मूळ भाग काय काम करतो हे त्यांनी आधी समजून घेतलेलं असतं. माझी पट्टी दिसायला पुलरसारखी नव्हती, पण जोर त्याच वाटेनं नेत होती. हातोडावाल्याकडंही पुलर नसतो आणि माझ्याकडंही नव्हता. पण त्यानं साधनाबरोबर साधनामागचा विचारही सोडून दिलेला असतो.

चाक परत बसवताना हयगय फार होते. शाफ्टचे दाते तारेच्या ब्रशनं साफ करून, खुणेला खूण जुळवून चाक बसवायचं. शाफ्टला ३६ दाते असतील तर एक दाता चुकला की चाक १० अंश तिरकं बसतं, ते डोळ्यांना लगेच दिसतं. इथं एक वाईट सवय आहे. गाडी सरळ चालताना स्टिअरिंग तिरकं राहत असेल तर काही जण चाक काढून एक दाता सरकवून लावतात. दिसायला काम झालं. पण तिरकेपणा खाली टाय रॉडमध्ये असतो आणि तो तिथंच अलाइनमेंट करून काढायचा असतो. चाक सरकवलं की वळणानंतर इंडिकेटर आपोआप बंद होण्याची जागाही बिघडते, एका बाजूला लवकर, दुसऱ्या बाजूला उशिरा. नट टॉर्कच्या पान्यानं, त्या गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला कसायचा. कसल्यावर चाक दोन्ही हातांनी आपल्याकडं ओढून पाहायचं, गाडी थोडी चालवून आणायची, पुन्हा एकदा नट तपासायचा आणि मगच हॉर्नचं झाकण लावायचं.

हे सगळं एअरबॅग नसलेल्या गाड्यांचं. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडं नव्या मोटारींत ड्रायव्हरसमोरची एअरबॅग सक्तीची झाली, आणि त्याआधीही कितीतरी गाड्यांत ती होतीच. अशा चाकाच्या मधल्या झाकणाखाली पेटणारं रसायन आणि गुंडाळलेली पिशवी असते. विजेच्या छोट्याशा प्रवाहानं ते पेटतं आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत पिशवी फुगते. बॅटरी सोडली तरी कंट्रोल युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठून राहते, म्हणून किती वेळ थांबायचं ते प्रत्येक कंपनीनं ठरवून दिलेलं असतं. पिवळ्या प्लगांना मल्टिमीटर लावून बघायचं नाही. काढलेलं मॉड्यूल ठेवायचं तर झाकणाची बाजू वर. पालथं ठेवलं आणि उडालं तर ते अख्खं मॉड्यूल वर उसळतं. त्याखाली क्लॉक स्प्रिंग असते, वायरची गुंडाळलेली सपाट फीत. ती दोन्हीकडं मोजकेच फेरे फिरते. मध्यावर न आणता बसवली तर पूर्ण वळण घेताना तुटते, मग हॉर्न जातो आणि एअरबॅगचा दिवा लागून राहतो. नीट शिकलेला माणूस योग्य माहितीपत्रक आणि साधनं घेऊन हे काम करतो. भंगारातल्या पट्टीनं करायचं हे काम नाही.

जुलै २०२१ च्या पुरानंतर एक कुटुंब अशीच एक भिजलेली नवी गाडी घेऊन आलं. हॉर्न आपोआप वाजतोय, चाक काढून आतलं धुऊन द्या, असं त्यांचं म्हणणं. मी नाही म्हणालो. "पुलर नाही का तुमच्याकडं?" असं त्यांनी विचारलं. पुलर तोवर माझ्याकडं होता. मी त्यांना सांगितलं, की मारुतीच्या चाकात जोर माझ्या हातचा असतो आणि तो कुठून कुठं न्यायचा ते मी ठरवू शकतो. या चाकात जोर आतच भरून ठेवलेला आहे, त्यावर चिखलाचं पाणी बसलंय, आणि तो कधी सुटेल हे मला सांगता येणार नाही. त्यांना ते लगेच पटलं नाही. दुसरीकडं करून घेऊ म्हणाले. बराच वेळ बोलल्यावर गाडी टोइंगनं कंपनीच्या वर्कशॉपला गेली. जाण्याआधी मी बॅटरीची वायर सोडली आणि मोठ्या अक्षरांत कागद लिहून सीटवर चिकटवला, 'एअरबॅग भिजली आहे, स्टिअरिंगला हात लावू नये.' तिकडं मॉड्यूल, क्लॉक स्प्रिंग आणि कंट्रोल युनिट तिन्ही बदलावी लागली. खर्च मोठा आला आणि तो त्यांनी मला फोन करून सांगितलाही. कळंबा रोडच्या आयटीआयमधून शिकाऊ पोरं येतात, त्यांना मी पट्टीचा पुलर करायला शिकवतो, आणि तसा कागद लिहायलाही.